विसाव्या आठवड्यात गाव सोडलेली गर्भवती

या प्रकरणातली बाई म्हणजे कुणी एक ओळखीची बाई नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या गर्भवतींच्या बाबतीत जे दरसाल घडतं, ते एका बाईच्या तारखांवर बसवून मांडलं आहे. तारखा, मोजमापं आणि गोळ्यांचे हिशोब असे घेतले आहेत की कुठल्याही आरोग्य सेविकेला ते आपल्या रजिस्टरशी ताडून पाहता यावेत.

वय २०, पहिलं बाळंतपण. गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी; मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. शेवटची पाळी १० जून. त्यात सात दिवस मिळवून तीन महिने मागे गेलं की प्रसूतीची तारीख येते १७ मार्च. टोळीची गाडी आली २८ ऑक्टोबरला. त्या दिवशी तिला बरोबर विसावा आठवडा पूर्ण झाला. प्रसूतीपर्यंतचे पुढचे सतरा आठवडे जवळपास तीनशे किलोमीटर दूर, कृष्णाकाठच्या साखरपट्ट्यात, उसाच्या फडात आणि कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत. गर्भारपणाचा पहिला अर्धा भाग एका उपकेंद्राकडे, दुसरा दुसऱ्या उपकेंद्राकडे. दोन्हीकडे सेविका होती, आशा होती, गोळ्या होत्या, रक्तदाबाचं यंत्र होतं. तरीही २८ ऑक्टोबर ते ९ जानेवारी या ७३ दिवसांत तिला कुणीही तपासलं नाही.

गावाकडचे वीस आठवडे

गावातली नोंदणी वेळेत झाली. आशाने पाळी चुकल्याचं ऐकून नवव्या आठवड्यात तिला उपकेंद्रात नेलं. १२ आठवड्यांच्या आतली नोंदणी हा कार्यक्रमाचा पहिला निकष. तिची मुदत २ सप्टेंबरला संपत होती, काम ऑगस्टच्या मध्यावरच उरकलं. माता-बालकांच्या नोंदीच्या सरकारी आरसीएच पोर्टलवर १२ अंकी क्रमांक मिळाला, माता व बाल संरक्षण कार्ड हातात आलं, प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज भरला. पहिल्या अपत्यासाठीच्या ५००० रुपयांपैकी पहिला ३००० चा हप्ता नोंदणी आणि किमान एका तपासणीवर मिळतो, त्यामुळे आधार आणि पासबुक घरच्यांनीच आणून दिलं होतं. टीडीची (धनुर्वात-घटसर्पाच्या लशीची) पहिली मात्रा, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब, लघवी, साखर असं सगळं झालं. हिमोग्लोबिन ९.८.

दुसरी भेट अठराव्या आठवड्यात, १४ ऑक्टोबरच्या सुमारास. टीडीची दुसरी मात्रा, जंताची ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल गोळी. वजन ४२ किलो, रक्तदाब ११०/७०. हिमोग्लोबिन ८.४.

या आकड्यापाशी थांबलं पाहिजे. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. अॅनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमाच्या मार्गदर्शनानुसार रोज दोन लोहगोळ्या (प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड), दर महिन्याला तपासणी, आणि महिन्याभरात एक ग्रॅमनेही वाढ झाली नाही तर वरच्या रुग्णालयात. तिचं हिमोग्लोबिन वाढायचं सोडून १.४ ने उतरलं. थोडी घट नैसर्गिक असते, कारण चौथ्या-पाचव्या महिन्यात रक्तातलं पाणी वाढतं. पण एवढी घट दिसली की पहिला प्रश्न विचारायचा तो गोळ्या कशा घेतल्या याचा. ‘घेतेस ना?’ असं विचारलं की प्रत्येक बाई ‘हो’ म्हणते. ‘पाकीट दाखव’ म्हटलं तर डब्यातून दोन न फोडलेल्या पट्ट्या निघतात. सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून सोडली, शौचाला काळं झालं म्हणून घाबरून सोडली, किंवा चहाबरोबर घेतली म्हणून अंगी लागली नाही. आणखी एक चूक आपल्याच वाटपातली आहे. लोह आणि कॅल्शियम एकाच पिशवीत देतात आणि बाई दोन्ही एकदम गिळते. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवणाबरोबर, लोहगोळी त्यापासून किमान दोन तास दूर, लिंबूपाण्याबरोबर. हे बोलून भागत नाही. पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले तर लक्षात राहतं.

८.४ असलेल्या बाईला कार्डावर लाल स्टिकर लागत नाही. जोखमीच्या मातांच्या यादीत रक्तक्षय येतो तो ७ च्या खाली गेल्यावर. त्यामुळे ती ‘सर्वसाधारण’ रकान्यात राहिली. तिच्या नावाचा वेगळा पाठपुरावा कुणावर बंधनकारक झाला नाही. रेषेच्या वर १.४ ग्रॅम, आणि पुढे रोज पहाटे चारपासून पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर. आमच्या मते ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या गर्भवतीच्या कार्डावर जायच्या आधी लाल स्टिकर लागलाच पाहिजे, हिमोग्लोबिन काहीही असो. स्थलांतर हीच जोखीम आहे.

१४ ऑक्टोबरला हातात चौदा दिवस होते. त्या चौदा दिवसांत काय करता आलं असतं याचं गणित सोपं आहे. शिरेतून द्यायच्या लोहाची गरज अशी काढतात: वजन गुणिले (हवं ते हिमोग्लोबिन वजा असलेलं) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. इथे ४२ गुणिले २.६ गुणिले २.४ म्हणजे २६२, अधिक ५००, एकूण साधारण ७६० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमच्या मात्रेत, १०० मिलिलिटर नॉर्मल सलाइनमधून, एक दिवसाआड. चार मात्रांना सात दिवस लागतात. पहिले तीन महिने उलटलेले होते, त्यामुळे अडचण नव्हती. वैद्यकीय अधिकारी हजर, अॅड्रेनालिन आणि हायड्रोकॉर्टिसोन या तातडीच्या औषधांचा ट्रे शेजारी, एवढी तयारी असली की प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं दुसरं लोह असेल तर फेऱ्या कमी होतात. पण त्याची मात्रा वजनावर बांधलेली आहे आणि ४२ किलोच्या बाईला एका वेळी १००० मिलिग्रॅम देता येत नाही, हे ध्यानात ठेवावं लागतं. ‘उशिरा लक्षात आलेल्या किंवा गोळ्या नियमित घेण्याची शक्यता कमी असलेल्या’ बाईला शिरेतून लोह आधीच द्यावं, असं मार्गदर्शनात लिहिलेलंच आहे. टोळीत जाणारी बाई या वाक्यात नेमकी बसते.

तसं झालं नाही. कारण पुढच्या भेटीची तारीख कार्डावर ‘११ नोव्हेंबर’ पडली होती, चार आठवड्यांनी, नेहमीच्या हिशोबाने. तेव्हा ती गावात नसणार, हे आशाला माहीत होतं, सासूला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं. रजिस्टरला माहीत नव्हतं.

गोळ्याही महिन्याच्या दिल्या. २८ ऑक्टोबर ते १७ मार्च म्हणजे १४० दिवस. रोज दोन लोहगोळ्या धरल्या तर २८०, कॅल्शियमही तेवढंच. एका बाईला इतका साठा एकदम द्यायला सेविका कचरते. साठा नोंदवहीत तो आकडा डोळ्यांत भरतो. वैद्यकीय अधिकाऱ्याने सप्टेंबरातच जाणाऱ्या गर्भवतींची यादी काढून जादा मागणी नोंदवली आणि वाटपाच्या नोंदीशेजारी ‘स्थलांतर’ असं लिहायला सांगितलं, की ही भीती उरत नाही.

गाडी भरली त्या रात्री

टोळी निघते ती तारीख ठरवून नाही. दसरा झाला की बोलणी पक्की होतात, मग एका संध्याकाळी गाडी येऊन उभी राहते आणि रात्रीतून भांडीकुंडी, ताडपत्री, बाजरीची पोती, शेळ्या, पोरं चढतात. कार्ड राहिलं घरी, लोखंडी पेटीत, लग्नाच्या साडीखाली. ‘हरवू नको’ असं सेविकेने बजावलं होतं म्हणूनच ते इतकं जपून ठेवलेलं.

एवढी साधी गोष्ट, पण सगळं प्रकरण तिच्यावर फिरलं. कार्डाच्या तपासण्यांच्या पानाचा आणि मुखपृष्ठाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असता, तर पुढे निम्म्या चाचण्या वाचल्या असत्या. मोबाइलचीही एक गोम आहे. पोर्टलवर नंबर नवऱ्याचा. हंगामात रिचार्ज संपतो, सिम बदलतं, फोन बंद लागतो. म्हणून नंबर तीन घ्यायचे: नवऱ्याचा, मुकादमाचा, आणि गावी मागे राहणाऱ्या सासूचा किंवा दिराचा. मुकादमाचा फोन बंद पडत नाही, कारण कारखाना त्याच फोनवर असतो. त्याच्याकडून आणखी दोन गोष्टी विचारून लिहायच्या: कारखान्याचं नाव आणि टोळी कशाची. गाडी सेंटरची टोळी बैलगाड्यांची. तिच्या कोप्या कारखान्याजवळ एका जागी हंगामभर असतात. डोकी सेंटरच्या (डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या) आणि ट्रॅक्टरच्या टोळ्या फडाबरोबर गावोगाव सरकतात. पहिल्या प्रकारातली बाई सापडणं सोपं, दुसऱ्या प्रकारातली पंधरा दिवसांनी वेगळ्याच उपकेंद्राच्या हद्दीत.

तिची टोळी ट्रॅक्टरची होती.

कोपी कुणाच्या हद्दीत

ज्या गावाच्या शिवारात कोप्या पडल्या तिथलं उपकेंद्र कोपीपासून चार किलोमीटरवर. सपाट भागात उपकेंद्राला ५००० लोकसंख्या धरतात. आशाला तिची घरं वाटून दिलेली असतात. कालव्याकडेच्या गायरानातल्या तीस कोप्या त्या घरांत नाहीत. आशाच्या सर्वेक्षणाच्या वहीत त्या कोप्यांसाठी पान नाही, ग्राम आरोग्य व पोषण दिनाचं बोलावणं त्यांच्यापर्यंत जात नाही, अंगणवाडीच्या पटावर त्या बायका नाहीत. आशाचा मोबदला तिच्या यादीतल्या नावांशी जोडलेला आहे. पंधरा दिवसांत पुढे सरकणाऱ्या बाईसाठी चार किलोमीटर पायी जायला तिला कारण दिलेलं नाही. यात तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

कोप्या कुणालाच दिसत नाहीत असंही नाही. पल्स पोलिओच्या सूक्ष्म कृती आराखड्यात ऊसतोड वस्त्या, वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा नावानिशी असतात आणि फिरतं पथक तिथे जाऊन पोरांच्या बोटांना शाई लावतं. कारखान्याच्या शेतकी खात्याला तर रोजच्या रोज माहीत असतं की कुठली टोळी कुठल्या गटात, कुणाच्या फडात आहे. चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा माणूस, तिथे जाऊनच चिठ्ठी देतो. म्हणजे एका तालुक्यात दोन याद्या तयार असतात, आणि गर्भवतींच्या कामाला त्यातली एकही वापरली जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याच्या गट कार्यालयातून टोळ्यांची यादी मागवली, ती पोलिओच्या यादीशी जुळवली आणि प्रत्येक वस्ती एका आशाच्या नावावर लेखी लावून दिली, तर निम्मं काम तिथेच होतं. टोळी सरकली की चिटबॉयला फोन करायचा.

वस्ती सापडली तरी बाई भेटायला हवी. पहाटे चारला टोळी फडात. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, वाहनात चढवणं. संध्याकाळी कोपीवर येऊन चूल. तपासणीचा दिवस असतो सकाळी दहा ते दुपारी. त्या वेळात कोपीवर म्हातारी आणि लहान पोरं भेटतात आणि वहीत नोंद पडते: ‘लाभार्थी घरी नाही’. संध्याकाळी सहानंतरचा एक फेरा किंवा आठवडी बाजाराचा दिवस, एवढेच दोन मोके खरे. बाजाराला बायका येतात, हातात खर्चीचे पैसे असतात, आणि उपकेंद्र बहुतेक वेळा बाजाराच्याच गावात असतं. त्या दिवशी दुपारनंतर सेविका उपकेंद्रात थांबली तर दोन तासांत आठ-दहा जणी होतात.

आता पैशाचा हिशोब. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. जोडीने दिवसाला दोन टन तोडला तर सव्वासातशे रुपये, तेही उचलीतून वळते होणारे. बाई एक दिवस दवाखान्यात गेली तर खाडा. खाड्याचा दंड अनेक टोळ्यांत पाचशे रुपयांपासून पुढे. कोयता जोडीचा असल्याने नवऱ्याचाही दिवस पडतो. त्यावर वडापचं भाडं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी मोफत होते हे तिला सांगितलं तरी ती ‘मोफत’ तपासणी तिला बाराशेच्या वर पडते. म्हणून ती जात नाही. अडाणी म्हणून नव्हे. हिशोब तिला चांगला कळतो.

९ जानेवारी

सुजेने तिला दवाखान्यात आणलं. पायांची सूज महिनाभर होती आणि दिवसभर उभं राहिल्याने येते असं सगळ्यांनी धरलं. मग जोडवी रुतली, बांगड्या मनगटावर घट्ट झाल्या, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं. पायांची सूज गर्भारपणात बऱ्याच जणींना येते आणि रात्रभरात उतरते; हाता-तोंडावरची सकाळची सूज वेगळी. टोळीतल्या एका वयस्क बाईला हा फरक ठाऊक होता. तिनेच मुकादमाला सांगून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. योगायोगाने त्या दिवशी ९ तारीख होती.

तीस आठवडे, तीन दिवस. पण हे तिथे कुणाला कळणार? कार्ड नाही, सोनोग्राफीचा कागद नाही. शेवटची पाळी ‘पोळ्याच्या आधी, पेरणी झाल्यावर’. गर्भाशयाची उंची २७ सेंटिमीटर. कार्ड हाती असतं तर ही उंची तीन आठवड्यांनी कमी आहे, बाळाची वाढ मागे पडते आहे, हे तिथेच उमगलं असतं. कार्ड नसल्याने ‘२७ आठवडे’ लिहून झालं. नवीन नोंदणी, नवा क्रमांक, ‘१२ आठवड्यांनंतर नोंदणी’ असा शेरा. टीडीची मात्रा पुन्हा. सगळं रक्त पुन्हा. आधी झालेल्या कामाची एक खूणही तिच्याबरोबर आलेली नव्हती.

रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो १३४/८६. इथे काय घडलं ते बारकाईने सांगण्यासारखं आहे. ती चालत आली होती, लगेच खुर्चीत बसवून पोलक्याची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला. दंडाचा घेर २१ सेंटिमीटर, पट्टा नेहमीचा मोठ्या माणसाचा. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की रक्तदाब खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. कुपोषित बायकांच्या बाबतीत ही चूक सर्रास होते आणि ती नेहमी धोक्याच्याच बाजूने होते. डॉक्टरांनी तिला पाच मिनिटं टेकून बसवलं, बाही मोकळी केली, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवला आणि लहान पट्ट्याने पुन्हा मोजला: १४८/९६. चार तासांनी पुन्हा १४६/९४. लघवीच्या पट्टीवर अल्बुमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रथिन, दोन प्लस. लघवीचा नमुना मधल्या धारेचा घेतला होता, नाहीतर अंगावरचं पांढरं मिसळून पट्टी उगाच रंग दाखवते. पट्ट्यांची बाटली उघडी राहिली असेल तरीही ती खोटं बोलते. त्यामुळे झाकण आणि मुदत आधी बघायची. हिमोग्लोबिन ७.६.

निदान प्री-एक्लॅम्प्सिया (गर्भारपणात रक्तदाब चढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार) आणि मध्यम रक्तक्षय. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणं यांपैकी काही नव्हतं, त्यामुळे झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची गरज पडली नाही. १६०/११० च्या पुढे गेलेला दाब किंवा यांतलं एखादं लक्षण असतं, किंवा झटका आला असता, तर रुग्णवाहिकेची वाट न बघता ५० टक्के द्रावणाचे ५-५ ग्रॅम दोन्ही नितंबांत खोल स्नायूत, एकूण १० ग्रॅम, असा पहिला डोस प्राथमिक केंद्रातच द्यायचा असतो. हे इंजेक्शन शोधायला फार्मसीचं कुलूप उघडावं लागत असेल, तर ते आहे असं म्हणता येत नाही.

१०२ ची गाडी तिला उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तपासण्या, औषधं, प्रसूती, सिझेरियन, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत, आणि रहिवासाची अट कुठेही नाही. तरी ‘रेशनकार्ड इथलं आहे का’ हा प्रश्न खिडकीवर तिला विचारला गेलाच. हा प्रश्न विचारणाऱ्याला त्याचं वजन कळत नाही. परक्या मुलखात असा एक प्रश्न ऐकून बायका उठून परत जातात.

सोनोग्राफीत बाळ लहान. लॅबेटॅलॉल हे रक्तदाबाचं औषध सुरू झालं, शिरेतून लोह सुरू झालं. दहा दिवसांनी दाब आटोक्यात आल्यावर घरी सोडायचं म्हटलं, तर घर म्हणजे कोपी. आठवड्यातून दोनदा रक्तदाब आणि लघवी, बाळाची हालचाल मोजणं, ओझं बंद. हे कागदावर लिहिणं सोपं. टोळीत ते होण्यासाठी मुकादमाला कोयत्याच्या जागी कोयता हवा. वैद्यकीय अधिकाऱ्याने शेतकी अधिकाऱ्याला फोन केला, त्याने मुकादमाला सांगितलं, आणि नवऱ्याचा भाऊ बदली आला. ती कोपीवर स्वयंपाकाला राहिली, खाडा लागला नाही, आणि टोळी पुढच्या शिवारात गेली तेव्हा तिची कोपी कालव्याकडेच राहू दिली. तिच्या बाळंतपणाचं भवितव्य ज्या एका फोनवर ठरलं, तो करणं कुणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेलं नाही.

उपकेंद्राच्या सेविकेने आणखी एक काम चोख केलं. १०२ ला कोपीचा पत्ता कसा सांगायचा हे तिने नवऱ्याकडून घोकून घेतलं: गावाचं नाव, कालव्याचा कितवा पूल, जवळची डीपी, आणि दिवसा-रात्री रस्त्यावर येऊन उभा राहील अशा माणसाचा नंबर. उसात रात्री गाडी फिरत राहते आणि कोपी सापडत नाही, ही या भागातली जुनी रड आहे.

२४ फेब्रुवारीला ३७ आठवडे भरले. प्री-एक्लॅम्प्सियात त्यापुढे थांबण्यात फायदा नसतो. कळा आणवून प्रसूती झाली, मुलगी, २.१ किलो. आई आणि बाळ दोघी सुखरूप.

आकड्यांत ती कशी दिसते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दवाखान्यातल्या प्रसूती जवळपास ९५ टक्के आहेत. पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता सुमारे ७१ टक्के, किमान चार तपासण्या झालेल्या सुमारे ७० टक्के. १८० दिवस लोहगोळ्या खाल्लेल्या मात्र ३१ टक्क्यांच्या आसपास, आणि १५ ते ४९ वयाच्या गर्भवतींत रक्तक्षय सुमारे ४६ टक्के. वरचा आकडा आणि खालचे आकडे यांच्यामधली दरी अशाच बायकांनी भरलेली आहे. बाळंतपण दवाखान्यात होतं. त्याआधीचे महिने कुठे गेले ते कुणी विचारत नाही.

हिच्या बाबतीत गावच्या उपकेंद्राची नोंद वेळेवर, १२ आठवड्यांच्या आत: शंभर गुण. साखरपट्ट्यातल्या उपकेंद्राच्या खात्यात ती ‘उशिरा नोंदणी’ आणि ‘कमी वजनाचं बाळ’ म्हणून पडली. म्हणजे जिने तिला वाचवलं त्या सेविकेचे आकडे बिघडले. आढावा बैठकीत जाब तिला विचारला जातो. मग पुढच्या हंगामात कोपीवर जाऊन गर्भवती शोधायची हौस तिला का राहावी? बाहेरून आलेल्या गर्भवतींचा रकाना वेगळा हवा, आणि त्यात गुण मिळावेत ते सापडलेल्या बाईसाठी, तिच्या आधीच्या आठवड्यांसाठी नव्हेत.

हा मधला सांधा जुळवायला नवीन योजना लागत नाही. पोर्टलचा क्रमांक आहे, महिला व बालविकास विभागाची स्थलांतर नोंदीची महाएमटीएस आहे. कामाला येतो तो मात्र फोन: गावच्या सेविकेचा, जिथे टोळी उतरली तिथल्या सेविकेला. ‘माझी एक बाई तुमच्याकडे आली आहे, ८.४ आहे, मुकादमाचा नंबर घ्या.’ दोन मिनिटं. हा फोन २९ ऑक्टोबरला गेला असता तर पुढच्या तारखा अशा पडल्या असत्या: ९ नोव्हेंबरला बाविसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब, २५ नोव्हेंबर ते २३ डिसेंबर या चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या काळात ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर (१४० किंवा वर असेल तर गर्भकाळातला मधुमेह), त्यातच ९ डिसेंबरला सव्विसावा आठवडा, पुन्हा रक्तदाब, पुन्हा लघवी. दाब कधी चढू लागला ते त्या रकान्यांत दिसलं असतं. गर्भाशयाची उंची कुठे रेंगाळली तेही.

फोन करायचा तर समोरचीचा नंबर हवा. बीडमधल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे सांगली-साताऱ्याच्या सेविकांचे नंबर नसतात. टोळ्या मात्र बऱ्याचदा वर्षानुवर्षं त्याच कारखान्यांना जातात. गावानुसार कारखाना, कारखान्यानुसार प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथल्या आरोग्य सहायिकेचा नंबर, असा एक कागद सप्टेंबरात एकदा तयार झाला की थोड्या दुरुस्तीने पुढची काही वर्षं चालतो. तो भिंतीवर लावायचा, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी.

टोळी परतली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ७ एप्रिलला मुलीला सहा आठवडे पूर्ण होत होते, पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल अशा पहिल्या मात्रांची तारीख. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांत आशाच्या सहा घरभेटी ठरलेल्या असतात, २.१ किलोच्या या बाळाला एकही मिळाली नव्हती, कारण कोपी कुणाच्या यादीत नव्हती. आईच्या पुढच्या १८० दिवसांच्या लोहगोळ्या सुरूच झाल्या नव्हत्या. मातृवंदनेच्या २००० च्या दुसऱ्या हप्त्याला लागणारा जन्मदाखला तीनशे किलोमीटरवरच्या नगरपालिकेत होता.

गावच्या उपकेंद्रात तिचं नाव अजून गर्भवतींच्या यादीतच होतं. तिसरी तपासणी बाकी. चौथी तपासणी बाकी. प्रसूतीची अपेक्षित तारीख १७ मार्च. सेविकेने यादीवरून नजर वर केली, तेव्हा बाई लेकीला पदराखाली घेऊन दारात उभी होती. पेटीतून काढलेलं कार्ड तिच्या हातात होतं. १४ ऑक्टोबरपुढचे त्यातले सगळे रकाने कोरे.